समजावून सांगू नयेत असे शब्द

९ जानेवारी

चि. ढलपीस,

तुझं पत्र पोचलं. वर "आदरणीय महोदय" आणि खाली तुझी सही. जन्मदात्या बापाला महोदय! मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. वाटलं, शेजारच्या बँकेत जायचं ते चुकून माझ्या गाळ्यात आलं. मग पुढची ओळ वाचली, "आपण सुतारकामातील जाणकार असल्याचे समजते." समजते! कुणाकडून समजलं बाई तुला? तू ज्या पाळण्यात झोपायचीस तो काय आकाशातून पडला होता?

ढलपी म्हटलेलं तुला आवडणार नाही, माहीत आहे. लाकूड तासताना उडते ती ढलपी, हे कुणीही सांगेल. तुला तसं का म्हणायचो ते वेगळं. विचारलंस तर सांगेन कधीतरी.

मावशी गेल्याचं मला तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरून कळलं. "मावशीनंतर घरी मी एकटीच असते, तरी पत्र घरच्या पत्त्यावर पाठवावे." बातमी द्यायची ही तुमच्या ऑफिसातली रीत असेल. तिचं माझं कधी पटलं नाही. तुझी आई गेल्यावर ती तुला उचलून घेऊन गेली आणि परत आणून सोडलं नाही. पण तुला तिनं माणसासारखं वाढवलं, हे मी कुणासमोरही कबूल करीन. तिच्यासमोर करायचं तेवढं राहिलं.

आता कामाचं. तुमच्या संस्थेला शिकाऊ पोरांसाठी सुतारकामाच्या शब्दांचं पुस्तक काढायचं आहे आणि प्रत्येक शब्द असा समजावून हवा की "ज्याने ती वस्तू पाहिली नाही त्यालाही हाताला लागल्यासारखी वाटावी." वाक्य झोकात आहे. माझे उस्ताद असं काही करत नसत. नाव विचारलं की पटाशीच्या मुठीचा बोटांवर टोला, आणि वर म्हणायचे, हातानं शीक, तोंड कशाला वाजवतोस. मला ते कंजूष वाटायचे. मी कंजूष नाही, म्हणून घे.

पहिला शब्द गाठ. झाडाला फांदी फुटते ती खोडाच्या आतून, अगदी मधल्या गाभ्यापासून. खोड जाड होत जातं तसं ते फांदीचं बूड पोटात घेतं. पुढं त्या खोडाच्या फळ्या पाडल्या की ते बूड फळीवर गोल दिसतं. ती गाठ. आता नीट ऐक. फांदी हिरवी असताना खोडानं तिला वेढलं असेल तर खोडाच्या रेषा तिच्यात वळून जातात, दोघांचं अंग एक होतं. ती जिवंत गाठ. बोटानं ठोकलीस तर भरीव बोलते. पण फांदी आधीच वाळून गेली असेल तर खोड नुसतं तिच्या भोवतीनं वाढतं, तिला धरत नाही. कडेला काळी कड दिसते, ठोकलं तर पोकळ खट्ट. ती मेलेली गाठ. फळी सुकली की एक दिवस आपली आपण निसटते आणि आरपार भोक पडतं. जिवंत गाठीवर रंधा घसरतो, हाताला ती थंड आणि तुकतुकीत लागते, जुन्या नाण्यासारखी. मेलेलीवर नखाची धार अडकते.

झालं? लागली हाताला?

पत्राला उत्तर दे, पण महोदय नको. तुझे बाबा.


२७ जानेवारी

चि. ढलपीस,

या वेळी "ती. बाबा" वाचून बरं वाटलं. "ती." पुरेसं लांबवर ठेवतं आणि "बाबा" जरा जवळ आणतं. तुझ्या आईला असलं बारीक मोजमाप जमायचं.

इकडे एक विचित्र प्रकार झालाय. वखारीतून आणलेल्या फळ्यांत एक होती, तिला वरच्या अंगाला घुबडाच्या डोळ्यासारखी गाठ. कपाटाच्या दाराला लावायची तर डोळा नेमका गिऱ्हाइकाकडे बघणार, म्हणून बाजूला ठेवली होती. परवा काढली तर डोळा नाही. मी चष्मा पुसला. फळी फिरवली. मग भिंतीशी टेकलेल्या सगळ्या फळ्या एकेक करून उजेडात आणल्या. एकीलाही गाठ नाही. जिवंत नाही, मेलेली नाही, भोकसुद्धा नाही. माझ्या कामाच्या बाकाच्या पायाला एक गाठ होती, येताजाता माझा गुडघा तिच्यावर आपटायचा. तिथं आता हात फिरवला तर गुळगुळीत.

शेजारच्या गाळ्यात पॉलिशवाला असतो. सतत बडबडणारा, हात कायम तपकिरी. त्याला बोलावून दाखवलं. त्यानं सगळ्या फळ्या पाहिल्या आणि म्हणाला, "मिस्त्री, नशीब काढलंत. गाठी नकोत म्हणून लोक वखारीत मारामाऱ्या करतात, तुमच्याकडच्या न सांगता गेल्या." हसला, पण मग त्यानं त्या कोऱ्या जागेवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. का काढलास विचारलं तर म्हणाला, "काही नाही, काम पडलंय."

मी म्हातारा होतोय की वखारवाल्यानं काही नवीन माल काढलाय, देव जाणे. तुझा पुढचा शब्द घे.

रेषा. झाड वर वाढतं तसे त्याचे तंतू उभे जातात, एकमेकांना चिकटून, पाण्याच्या धारेसारखे. फळीवर ते लांबट ओळींनी दिसतात. रंधा मारण्याआधी तळहात फळीवरून दोन्हीकडे फिरवायचा. एका बाजूनं हात सुखानं जातो, दुसऱ्या बाजूनं बारीक काटे उभे राहतात. सुखाची बाजू ती सुलट. उलट मारलंस तर रंधा कचाकचा ओरडतो आणि फळीचे लचके निघतात. कुऱ्हाड रेषेवर घातली की ओंडका आपणहून उघडतो, रेषेच्या आडवी घातली तर हात झिणझिणतात आणि ओंडका जागचा हलत नाही. खुर्चीचा पाय कापायचा तो रेष उभी धरून. माणसाचं वजन रेष झेलते, लाकूड नव्हे.

थंडी आहे का तिकडे? तुझे बाबा.


१४ फेब्रुवारी

चि. ढलपीस,

तुझ्या पत्रानं माझं डोकं फिरलं होतं, म्हणून उत्तराला उशीर केला. नाहीतर वाईटसाईट लिहून बसलो असतो.

तू लिहितेस, तुझ्या जेवणाच्या टेबलावर फोड आल्यासारखे उंचवटे आले. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा सुरीनं सोलून पाहिलास तर खाली तपकिरी गोल, बोटानं ठोकले तर काही भरीव बोलतात आणि काही पोकळ. आणि पुढच्या आठवड्यात साऱ्या टेबलावर उभ्या ओळी उमटल्या. वाचून मला वाटलं, बापाची थट्टा चाललीय. तुझं टेबल कारखान्यातलं, भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं. त्याला गाठ येईल कुठून? त्याला झाडच नाही.

पण मग शिंपीणबाई आल्या. त्यांना मी नुकतंच एक स्टूल करून दिलं होतं. त्यांनी पिशवीतून त्याचा पाय काढून माझ्यासमोर ठेवला. आडवा मोडलेला, बिस्किट मोडतं तसा. बाईंना लागलं नव्हतं, पण रागावल्या होत्या. "मिस्त्री, तुमच्या हातचं स्टूल आहे म्हणून मी निर्धास्त बसले हो!" त्यांची माफी मागितली. त्या गेल्यावर कुऱ्हाड घेऊन मागच्या ओंडक्यावर घातली. फुटला नाही. कुऱ्हाड आत रुतली, साबणात सुरी रुतावी तशी, आणि काढली तर नुसती खाच. आडवी घातली, तरी तेच. कुठूनही सारखंच. रंधा दोन्हीकडून मुकाट चालतो. फळ्यांवर एक ओळ नाही. ते लाकूड आहे असं माझ्या हाताला पटेना.

जे तुला समजावलं ते इथून गेलं आणि तिथं उगवलं, असा सरळ हिशेब दिसतो. पण असला हिशेब मांडणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. म्हणून आज एक क्षुल्लक शब्द मुद्दाम पाठवतो. गेला तर फार नुकसान नाही.

पाचर. एका टोकाला जाड, दुसऱ्याला धारेसारखा पातळ असा लाकडाचा चिमुकला तुकडा. हातोडीचा दांडा लोखंडी डोक्यातून वर काढायचा, दांड्याच्या माथ्याला चीर द्यायची आणि चिरेत पाचर ठोकायची. दांडा आतल्या आत फुगतो आणि डोक्याला घट्ट धरतो. दिसत कुणालाच नाही, पण सगळं तिच्यावर असतं. पाचर बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, ठक् चा ठण् होतो. तो ऐकला की थांबायचं.

तू आईचा फोटो आहे का असं विचारलंस. पत्राच्या अगदी शेवटी, आणि कंसात. एकच आहे. पण त्यात तिचा चेहरा नाही, धूसर डाग आहे, कारण फोटोवाल्यानं कळ दाबली आणि ती नेमकी शिंकली. बारीक भुसा तिला सोसत नसे. आणि शिंक तरी कशी? आधी भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, आता येणार येणार म्हणून सगळा गाळा थांबायचा. मग एक बारीक, मांजराच्या पिल्लाएवढी. लगेच दुसरी तशीच. आणि तिसरी अशी की छपराचे पत्रे हादरावेत! आणि तिसरीनंतर स्वतःवरच चिडून म्हणायची, "झालं एकदाचं."

पाचरेचं काय होतं ते कळव. तुझे बाबा.


१ मार्च

चि. ढलपीस,

पाचरी गेल्या. सकाळी हातोडी उचलली तर डोकं जागेवर राहिलं आणि दांडा हातात आला. दुसरी उचलली, तेच. कुऱ्हाड, वाकस, सगळ्यांचा तोच प्रकार. पॉलिशवाला दारात उभा होता. एरवी त्यानं दिवसभर पुरेल एवढी थट्टा केली असती. पण त्यानं दांड्याच्या माथ्यावर बोट फिरवलं. चीर नव्हती. कधी नव्हतीच, असं दिसत होतं. तो म्हणाला, "मिस्त्री, हे मला दाखवू नका." तेव्हापासून माझ्याकडे कमी येतो.

आणि तुझं पत्र, की चमच्यांच्या खणात ओळीनं पाचरी पडलेल्या सापडल्या. पण पुढचं मी दोनदा वाचलं.

तू इस्त्री करत होतीस आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी शिंकलं. तीनदा. दोन बारीक आणि तिसरी मोठी. तुझ्या घरात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि तू घाबरून दार लावायचं सोडून म्हणालीस, "पाणी देऊ का?"

मी लगेच आठवायला बसलो. ती शिंकायची हे आठवतं. मी तुला तसं लिहिलं होतं हेही आठवतं. पण आवाज येईना. तोंड अर्धवट उघडं दिसतं आणि पुढं काही नाही. इतकी वर्षं रोज ऐकत आलो होतो.

आता तू स्पष्टच लिहितेस. पुस्तक वगैरे काही नाही, संस्थेनं ते कधीच बासनात गुंडाळलं. तुला शब्द नको होते, निमित्त हवं होतं. आणि आता तुला आई हवी आहे. "तिच्याबद्दल लिहा. गाठीसारखं लिहा, हाताला लागेल असं."

नाही लिहिणार.

तुला वाटेल म्हातारा स्वार्थी आहे. आहे. पण आणखी एक विचार कर. गाठ तुझ्याकडे आली ती टेबल फोडून आली. माणूस कसं येईल? तुझ्या त्या वरच्या मजल्यावरच्या घरात, जिथं चौकटीसुद्धा पत्र्याच्या आहेत, ती कुठून फुटून येईल? अर्धीच आली तर? मी एक फोटो समजावला तर तुला एक शिंक मिळाली, शिंकणारं कुणी नाही. तसली अर्धी बाई तू घरात ठेवशील?

पाचरी सांभाळून ठेव. तुझे बाबा.


१२ मार्च

तुझं पत्र मिळालं. "कशीही येऊ दे." एवढीच ओळ. वरती "ती." नाही, "बाबा" नाही.

मलाही एकच ओळ लिहिता येते. नाही.


३ एप्रिल

चि. ढलपीस,

तुझं परवाचं पत्र मी गाळ्यात उभ्या उभ्या वाचलं. तू भांडली नाहीस. नुसतं लिहिलंस, "मी तिला आयुष्यात विचारलेला पहिला प्रश्न 'पाणी देऊ का' हा होता, बाबा. आणि तिनं उत्तर दिलं नाही, कारण तेवढी ती अजून आलेली नाही."

तर आता मीही एक गोष्ट सांगतो, जी मी लपवली. ती इथंच असते. भूत वगैरे नाही, तसलं काही मनात आणू नकोस. मी काम करताना तिच्याशी बोलतो आणि ती काय म्हणाली असती ते मला ऐकू येतं, अगदी तिच्याच सुरात. माप चुकलं तर रागावते. पॉलिशवाल्याला वाटतं मी कानाला फोन लावून बोलतो. मावशी तुला घेऊन गेली तेव्हा मी तुला परत आणायला आलो नाही, याचं कारण लोक म्हणायचे की बाप दगडाचा आहे. दगडाचा नव्हतो. माझं घर रिकामं नव्हतं, एवढंच. तुझं होतं, हे मला कधी सुचलंच नाही.

माझ्याकडे ती इतकी वर्षं राहिली. आता तुझी पाळी. आणि अर्धी पाठवायची नाही, तर सगळीच लिहितो.

तुझ्या आईची उंची माझ्या खांद्यापेक्षा चार बोटं वर. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, पटाशी निसटून लागली तेव्हापासून तसंच वाढायचं. चालताना उजवी टाच जरा घासायची, म्हणून ती येतेय हे जिन्यावरूनच कळायचं. चहा पूर्ण गार करून प्यायची आणि मग गार झाला म्हणून मला बोलायची. केस ओले असताना कुणाशी भांडायची नाही. फळीला हात लावण्याआधी तिचा वास घ्यायची, नाक अगदी टेकवून, आणि मग शिंकायची. अक्षर उजवीकडे कललेलं. गाणं एकही पूर्ण यायचं नाही, पण प्रत्येकाची पहिली ओळ यायची. खोटं बोलताना आवाज गोड व्हायचा. तू झालीस तेव्हा तुला पाहून पहिलं वाक्य म्हणाली, "हिचे कान तुमचे आहेत, बिचारी."

तिचं खरं काम करवतीवर. मोठे ओंडके कापायला दोन माणसांची लांब करवत असते, दोन्ही टोकांना उभ्या मुठी. ती चालवायचा नियम एकच. ओढायचं, ढकलायचं नाही. मी ओढतो तेव्हा तिनं हात सैल सोडून नुसतं यायचं. ती ओढते तेव्हा मी. कुणी एकानं शहाणपणा करून ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. नवीन माणसाला हे महिनोन् महिने जमत नाही, मदत करण्याची हौस आड येते. तिला पहिल्या दिवशी जमलं. आणि ती बोलायची ती फक्त स्वतःच्या ओढीला. माझी ओढ आली की गप्प. त्यामुळं तिचं प्रत्येक वाक्य मधोमध तुटून यायचं. "आज संध्याकाळी," मग माझी ओढ, मग "लवकर निघू या." पुढं पुढं करवत हातात नसली तरी तशीच बोलायची. पाहुण्यांना वाटायचं बाई विसरते. विसरत नव्हती. समोरच्याची ओढ होऊन जायची वाट बघायची.

आता शेवटचा शब्द. हा तुझ्या कुठल्याच पुस्तकात आला नसता.

अहो. नवऱ्याला हाक मारायचा शब्द, सगळ्या बायका म्हणतात, त्यात काय? पण तिचे चार होते. माप चुकलं की आखूड, वरून पडल्यासारखा. जेवण झालं की लांब, शेवटी वर गेलेला. लोकांसमोर लाजून म्हटलेला अर्धाच, नुसता "अ". आणि चौथा ती तापात होती तेव्हाचा, ज्यात काही विचारायचं नव्हतं, काही सांगायचं नव्हतं. मी खोलीत आहे ना एवढं बघायला ती म्हणायची आणि मी हं म्हटलं की परत डोळे मिटायची. रात्रंदिवस चाललं होतं ते. एकदा ती म्हणाली आणि मी हं म्हटलं, आणि मग पुढचा आलाच नाही. मी बराच वेळ हं म्हणत राहिलो.

झाली सगळी.

दोन गोष्टी ऐक. पहिली, ती आल्यावर मला तिच्याबद्दल समजावून काही लिहू नकोस, माझी दया आली तरी. नाव घेतल्यानं जात नाही, समजावलं की जातं. तुझ्याकडून जाईल. दुसरी, तुला ढलपी का म्हणायचो ते तू मागच्या पत्रात विचारलंस. ते मी लिहिणार नाही. तेवढी मला राहू दे.

पत्र पेटीत पडेपर्यंत ती माझ्याकडे आहे. टपालपेटी कोपऱ्यावरच आहे, पण आज मी बाजाराकडून, पुलावरून, लांबच्या रस्त्यानं जाईन. तिला चालायला आवडायचं.

तुझे बाबा.


२१ एप्रिल

चि. ढलपीस,

तुझं जाडजूड पत्र मिळालं. घडी उघडली तर मांडीवर भुसा सांडला. तुझ्या घरात सुतारकाम कधीपासून सुरू झालं? अर्ध्या ओळी पाण्यानं पुसल्यात, त्यामुळं सगळं लागलं नाही. पण तू खुशीत आहेस एवढं कळलं, आणि मला बरं वाटलं. "बाबा, तुम्ही कसे आहात, खरं सांगा" असं तीन ठिकाणी विचारलंयस. मला काय धाड भरलीय? जेवतो, झोपतो. गाळ्यात शांतता असते. इतकी शांतता आधी होती का आठवत नाही, पण कामाला बरी.

गेल्या आठवड्यात सगळी आवराआवर काढली. भिंतीवर एक लांब करवत टांगलेली होती, दोन्ही टोकांना मुठी. एका माणसाला दोन मुठी कशाला? येताजाता खांद्याला लागत होती, म्हणून एक मूठ काढून टाकली. पॉलिशवाला बघत उभा होता. मग जाताना म्हणाला, "मिस्त्री, हल्ली तुम्ही फोनवर बोलत नाही." मी म्हटलं, माझ्याकडे फोन आहे कुठं? तर तोंड फिरवून निघून गेला. त्याचं घरी काही बिनसलं असावं.

आता एक विचारायचं आहे. तुझ्या पत्राच्या शेवटी, तुझ्या सहीखाली, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात मजकूर आहे. अक्षर उजवीकडे कललेलं. "अहो, करवतीला तेल" एवढं लिहून ओळ सोडलीय, आणि खाली "लावता ना वेळेवर." पुढं पुन्हा तसंच, "अहो, मुलगी चांगली" आणि खाली "झाली हो." बस, एवढंच. मी कागद उलटून पाहिला, पुढं काही नाही. पण खाली बरीच जागा कोरी सोडलेली आहे, उत्तराची वाट बघावी तशी.

या बाई कोण? तुझ्याकडे राहायला आल्या आहेत का? स्वभावानं चांगल्या दिसतात आणि कामातलंही त्यांना कळतं. तुला सोबत झाली हे उत्तम झालं. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि करवतीला तेल लावलं म्हणूनही सांग. फक्त एक गोष्ट त्यांच्या कानावर घाल, वाईट वाटणार नाही अशा बेतानं. ओळख ना पाळख, परक्या माणसाला नुसतं अहो म्हणू नये. लोकांचा गैरसमज होतो.

तुझे बाबा